गोठ्याच्या दारातल्या चपला

काल नव्या शाळेवरून येताना पाहिलं, एका चिमुरडीने वर्गाच्या दारात चपला काढून नीट जोडून ठेवल्या. मला माझा गोठा आठवला.

तेव्हा आमच्या गावात शाळा होती, पण तिला छप्पर नव्हतं. देवळाच्या ओसरीवर भरली तर मोमीनाची शमीम पायरीवरच बसून राहायची. दर्ग्याच्या पडवीत नेली तर अर्ध्या घरांतली पोरं यायचीच नाहीत. गुरुजी म्हणाले, "बापू, सगळी एकत्र बसतील अशी जागा मिळाली नाही, तर शाळा जाईल गावातून." मी दुसरीतून पळालेला माणूस, पण हट्टाला पक्का. बैल चिंचेखाली बांधले आणि गोठा देऊन टाकला.

बायको म्हणाली, "बैल उन्हात अन् पोरं शेणात. भलतंच तुमचं." पण जमीन तिनेच सारवली.

पहिल्या सकाळी पोरं आली. ज्यांच्या पायांत चपला होत्या त्यांनी त्या दारात काढल्या, अनवाण्यांनी पाय झटकले. देवळाची सवय, दर्ग्याची सवय. मी हसून म्हणालो, "अरे, गोठा आहे हा."

"शाळा आहे, बापू," शमीम म्हणाली आणि सगळ्यांच्या आधी आत जाऊन बसली.

पुढे शाळेला इमारत मिळाली. बैल परत आले, मग तेही गेले. आता तिथे सरपण असतं. आज लाकडं आणायला गेलो, तर सून मागून म्हणाली, "मामंजी, चपला घाला, आत विंचू असतात."

मी ऐकलं नाही. त्या दारातच ठेवल्या.