तिसऱ्या फेरीसाठी राखून ठेवलेल्या विजयाबाई

डॉ. दत्तात्रय हर्णेकर मूळचे दापोलीचे, म्हणजे हापूसच्या घरचे. पण त्यांची उभी नोकरी गेली लखनौला, मलिहाबादच्या वाटेवरच्या एका आंबा संशोधन केंद्रात, दशहरीची सेवा करण्यात. दापोलीचे नातेवाईक याला फितुरी म्हणतात. दत्तात्रय ते मनावर घेत नाहीत. वय सत्तावन्न, गुडघे सत्तरीचे, आणि खिशात कायम एक घडी घातलेला तक्ता. तक्त्याशिवाय या माणसाने आयुष्यात काही निवडलेलं नाही. रोप असो, कुलर असो, मुलीसाठी कॉलेज असो, डावीकडे नावं, वर गुण, खाली बेरीज.

त्यांची आणखी एक खोड सगळ्या केंद्राला ठाऊक आहे. बागेत एखादं फारच चांगलं झाड सापडलं, की ते त्याला चिठ्ठी लावत नाहीत. चिठ्ठी लावली की बाहेरून आलेल्या पाहुण्या शास्त्रज्ञांना कळतं, मग ते गोड बोलून कलमाच्या काड्या घेऊन जातात. त्यापेक्षा झाड गुपचूप राहू द्यावं, आपल्याला माहीत आहे ना, मग झालं. याच हुशारीपायी एकदा चौदा वर्षांचं एक उत्तम झाड माळ्याने बिनकामाचं समजून तोडलं होतं. दत्तात्रय दोन दिवस जेवले नाहीत. खोड मात्र गेली नाही.

मागच्या हिवाळ्यात केंद्राच्या शांत कॉलनीत सिद्धेश आला. तरुण शास्त्रज्ञ, अमेरिकेत तीन वर्षं काढून आलेला, आणि येताना तिकडचा एक खेळ घेऊन आलेला. चेंडू लांबुळका, पपईसारखा. प्रत्येकाच्या कमरेला पट्टा आणि पट्ट्याला दोन बाजूंना दोन फिती. एकाने चेंडू लांब फेकायचा, दुसऱ्याने पळत जाऊन तो झेलायचा आणि टोकाच्या रेघेपलीकडे न्यायचा. वाटेत कुणी फीत ओढली की तिथेच थांबायचं. ढकलाढकली नाही, पाडापाडी नाही, त्यामुळे बायका, पोरं, पेन्शनीला टेकलेले, सगळ्यांना मुभा. पट्टे चिनहटच्या एका शिंप्याकडून शिवून आणले. चार संघ ठरले, चार कप्तान ठरले, आणि त्यांतले एक दत्तात्रय. का, तर ज्येष्ठ म्हणून. त्यांनी नको नको म्हणत लगेच होकार दिला.

खेळाडू निवडायची पद्धतही सिद्धेशने तिकडचीच लावली. सगळे इच्छुक सतरंजीवर बसणार, कप्तानांनी पाळीपाळीने एकेकाचं नाव पुकारायचं. पहिल्या फेरीत जो शेवटी, तो दुसऱ्या फेरीत आधी. अशा पाच फेऱ्या. दत्तात्रयांच्या डोळ्यांत चमक आली. हा तर तक्त्याचाच खेळ!

आता विजयाबाईंबद्दल. दत्तात्रयांच्या पत्नी, वय त्रेपन्न, उंची चार फूट दहा इंच, आणि तीही सँडल घालून. माहेर सांगलीचं. कॉलेजात असताना खो-खो खेळायच्या, तोही असातसा नाही, जिल्ह्याकडून. पाठलाग करणारीचा हात खांद्यापर्यंत यायचा आणि बाई तिथे नसायच्याच. लग्न करून लखनौला आल्या आणि पळणं थांबलं. इथे त्यांना नावाने कुणी ओळखत नाही. त्या ‘हर्णेकर सर की मिसेस’. अठ्ठावीस वर्षं.

सिद्धेशचा खेळ बघून त्या नवऱ्याला म्हणाल्या, “अहो, मला जमेल हे.”

दत्तात्रय हसले. तरी रोज सकाळी रोपवाटिकेच्या हिरव्या जाळीमागे दोघं जायला लागली. धुक्यात दहा हातांवरचं दिसायचं नाही. दत्तात्रय फेकायचे, बाई झेलायच्या. पहिल्या दिवशी चाळीसपैकी एकतीस. आठवड्याने चाळीसपैकी अडतीस, आणि ते दोन सुटले तेही दत्तात्रयांनी चेंडू थेट लिंबाच्या वाफ्यात फेकला म्हणून. ते थक्क झाले. लहानशी बाई, कानटोपी, स्वेटरवर स्वेटर, आणि चेंडू मात्र हातात असा येतो की जणू घरीच आला. फीत ओढायला जावं तर डावीकडे हुलकावणी आणि उजवीकडून पसार. 

“पहिल्या नंबरची खेळाडू आहेस तू,” धापा टाकत ते म्हणाले. मनापासून म्हणाले.

बाई थांबल्या. “मग मला पहिली घ्याल?”

“म्हणजे?”

“म्हणजे सगळ्यांसमोर पहिलं नाव माझं घ्याल का? सांगलीला संघ निवडताना सर पहिलं माझं नाव घ्यायचे. इथे आल्यापासून माझं नाव कुणी कशालाच घेतलं नाही हो. एकदा ऐकायचंय.”

एवढं सरळ सांगितल्यावर कुठलाही शहाणा नवरा ‘हो’ म्हणाला असता. दत्तात्रय म्हणाले, “बघू.”

कारण त्यांच्या डोक्यात तक्ता उघडला होता. विजया चांगली आहे हे कुणाला माहीत आहे? कुणालाच नाही. चार फूट दहा इंचांची बाई पहिल्या फेरीत कोण घेणार? कुणीच नाही. मग पहिली संधी तिच्यावर खर्च का करायची? आधी एक उंच, धिप्पाड माणूस घ्यावा, मग एक वेगवान पोरगा, आणि तिसऱ्या फेरीत विजया. कुठे जाते ती? वर आणखी एक भीती होतीच. बायकोला पहिलं घेतलं तर कॉलनी महिनाभर चिडवेल. ती त्यांनी तक्त्यात लिहिली नाही, पण बेरजेत धरली.

निवडीच्या रविवारी सतरंजी पसरली. विजयाबाई नवी निळी ट्रॅकपँट घालून पुढच्याच रांगेत बसल्या. हजरतगंजहून आणली होती, खालून सहा इंच दुमडून शिवली होती. कप्तानांनी चिठ्ठ्या उचलल्या. दत्तात्रयांची पाळी पहिली! बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी पदर नसताना पदर सावरल्यासारखं केलं.

दत्तात्रयांनी तक्ता उघडला, घसा खाकरला आणि पुकारलं, “चंद्रहास यादव.”

चंद्रहास ट्रॅक्टर विभागातला, सहा फूट दोन इंच. तो उठून उभा राहिला तेव्हा मागच्या चौघांवर सावली पडली. टाळ्या झाल्या. विजयाबाईंनीही वाजवल्या. दत्तात्रयांनी त्यांना डोळ्याने खुणावलं, थांब, येतोय तुझ्याकडे. बाईंनी खूण पाहिली आणि मान दुसरीकडे वळवली.

दुसऱ्या कप्तानाने एक पोरगा घेतला, तिसऱ्याने दुसरा. चौथे कप्तान राजेश मिश्रा, केंद्राचे ग्रंथपाल. आयुष्यात त्यांनी पुस्तकापेक्षा जड काही उचललं असेल असं कुणाला वाटत नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “हम तो भाभीजी को लेंगे। विजया भाभी।”

सतरंजीवर हशा पिकला. दत्तात्रयांना तोंडात मारल्यासारखं झालं. “अरे मिश्राजी, उनको क्यों?” ते बोलून गेले, आणि बोलल्याबरोबर जीभ चावली.

मिश्राजी शांतपणे म्हणाले, “सर, हम सामने वाले ब्लॉक में रहते हैं। सब्जीवाला रोज़ शाम को नीचे से गोभी फेंकता है, नींबू फेंकता है, भाभीजी बालकनी से एक हाथ से पकड़ती हैं। चार साल में एक टमाटर नहीं गिरा। आपने कभी देखा नहीं?”

दत्तात्रयांनी खरंच पाहिलं नव्हतं. संध्याकाळी ते बागेत असायचे, झाडं निरखत. जे गुपित म्हणून त्यांनी जाळीमागे दडवून ठेवलं, ते चार वर्षं भर रस्त्यात चाललं होतं.

पुढचं काय सांगावं? चंद्रहासच्या हाताला चेंडू लागायचा आणि साबणासारखा निसटायचा. बिचारा दर वेळी “सॉरी सर” म्हणायचा, आणि त्याने एवढं मनापासून म्हटल्यावर रागावायचीही सोय नव्हती. तरी रडतखडत दत्तात्रयांचा संघ अंतिम सामन्यात पोचला. समोर मिश्राजी.

शेवटचा डाव, गुण बरोबरीत. मिश्राजींनी चेंडू उंच फेकला. विजयाबाई दोन उंच पोरांच्या मधून निघाल्या, पोरं एकमेकांकडे बघत राहिली, आणि चेंडू बाईंच्या हातात. आता वाटेत एकटे दत्तात्रय. पण त्यांना तर सगळं माहीत होतं! डावीकडे हुलकावणी, उजवीकडून पसार. ते उजवीकडे सरसावले, फितीसाठी हात टाकला. बाई डावीकडे गेल्या, त्या सरळ डावीकडूनच निघून गेल्या. दत्तात्रय गवतावर पालथे. तोंडात माती, आणि कानावर आरोळी, “वि-ज-या! वि-ज-या!” अख्खी कॉलनी ओरडत होती. पडल्यापडल्या त्यांना स्वतःचीच लाज वाटली, आणि त्याच वेळी छाती अभिमानाने भरून आली.

घरी गुडघ्याला तेल लावताना त्यांनी खुलासा करायचा प्रयत्न केला. तक्ता काढला. “हे बघ विजया, गुण तुलाच सगळ्यांत जास्त दिलेत. फक्त तू तिसऱ्या फेरीपर्यंत राहशील असा अंदाज होता.”

बाईंनी तक्ता नीट वाचला. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, “म्हणजे मी चांगली आहे हे तुम्हाला माहीत होतं. आणि ते दुसऱ्या कुणाला दिसणार नाही, यावर तुमचा भरवसा होता.”

मग त्या चहा टाकायला गेल्या. दत्तात्रयांनी तक्ता घडी घालून खिशात ठेवला. पुढच्या महिन्याभरात त्यांना आयुष्यात मागे बघितलं तर तिसऱ्या फेऱ्याच दिसायला लागल्या. बाईंना खेळाची शिक्षिका व्हायला बी.पी.एड. करायचं होतं, ते मुलगी मोठी झाल्यावर. सांगलीला महिनाभर जाऊन राहायचं होतं, ते मोहर संपल्यावर. कुठे जाते ती, हाच हिशेब, दर वेळी.

जानेवारीत पुन्हा स्पर्धा ठरली. सिद्धेशचा नियम, कप्तान दर वेळी नवे. या वेळच्या चार नावांत पहिलं नाव विजया हर्णेकर.

दत्तात्रय सतरंजीवर बसले. सतरंजीवर बसून वाट बघणं म्हणजे काय असतं, ते त्यांना त्या दिवशी समजलं. माणूस उगाचच ताठ बसतो. बूट पुन्हा बांधतो. कुणी आपल्याकडे बघितलं की आपलं लक्ष नाही असं दाखवतो. सभोवार पंचविशीची पोरं, मध्ये हे, गुडघ्याला पट्टी बांधलेले. स्वतःचा तक्ता त्यांनी मनातल्या मनात मांडून पाहिला. वेग शून्य, झेल शून्य, अनुभव एकदा पालथे पडण्याचा. शेवटच्या फेरीत उरलेल्यात कुणीतरी ज्येष्ठ म्हणून घेईल, नाहीतर पाणी द्यायला ठेवतील. आणि विजयाने मुद्दाम घेतलं नाही, तर तिचं चुकलं असं म्हणायला तोंड कुठे होतं?

चिठ्ठ्या उचलल्या गेल्या. पहिली पाळी विजयाबाईंची. त्यांच्या हातात तक्ताबिक्ता नव्हता. पहिल्या रांगेत चांगले पळणारे पाच जण बसले होते. बाईंनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली.

“दत्तात्रय हर्णेकर,” त्या म्हणाल्या.

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग जो गलका उठला! मिश्राजींनी तर कपाळाला हात लावला. “अरे भाभीजी, ये क्या किया? सर को कोई और थोड़े ही लेता! आख़िर में भी मिल जाते!”

“मालूम है,” विजयाबाई म्हणाल्या.

दत्तात्रयांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, चारचौघांत, भर दुपारी. उठावं की बसावं कळेना. गुडघा धरून ते तसेच अर्धवट वाकून राहिले.

“उठा आता,” बाई मराठीत म्हणाल्या, “पुढच्यांची पाळी खोळंबलीय.”