कुलपातली गाइडं

रोज डायरीत पाच ओळी लिहायच्या, एवढाच माझा नेम. पण मुलांचा वर्ग सुरू केला आणि पाच ओळींत न मावणारी माणसं यायला लागली. एक हकिकत लिहून संपते न संपते तोच दुसरी दारात उभी. समासातसुद्धा जागा उरेना! त्यातल्या थोड्या इथे उतरवतो.

मी स्वतः सातवी पास. पिंपरीच्या एका कंपनीत स्टोअरकीपर. संत तुकाराम नगरातल्या वाचनालयात संध्याकाळी सहा ते साडेसात, आठवी ते दहावीच्या मुलांना लिहायला शिकवायचो. शिकवायचो म्हणजे काय, शेजारी बसून आपणही लिहायचो. सामग्री म्हणाल तर एक शब्दकोश, कालची वर्तमानपत्रं, एक नोटीस बोर्ड आणि कपाटभर निबंधांची गाइडं.

* * *

पहिल्याच आठवड्यात ‘माझे वडील’ हा विषय दिला. अकरा वह्या आल्या. अकराही वह्यांत एकच: “माझे वडील शिक्षक आहेत. संध्याकाळी ते बागेतल्या फुलांना पाणी घालतात.”

या अकरा जणांचे वडील टर्नर, फिटर, वेल्डर, नाहीतर प्रेसवर. बाग म्हणजे दारापुढे पत्र्याच्या डब्यातली तुळस.

एकाला विचारलं, अरे, तुझे वडील तर वेल्डर आहेत ना? तो अगदी शांतपणे म्हणाला, “काका, वेल्डरचा निबंध गाइडात नाहीये.”

त्याच संध्याकाळी गाइडांच्या कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. वर्गाचा नियम केला: डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं, आणि वर तारीख टाकायची.

* * *

शब्दकोश एकच, म्हणून टेबलाला सुतळीने बांधलेला. दुष्काळात बीडकडून आलेल्या कुटुंबातला दत्तू त्यात डोकं खुपसून बसायचा. एक दिवस तक्रार घेऊन आला. जमिनीला भेगा पडतात, त्यांना त्याच्या आईकडे तीन वेगवेगळे शब्द होते, लहान, मोठी आणि गुराचा पाय अडकेल अशी. कोशात एकच.

मी म्हटलं, पेन्सिलीने समासात लिही. त्याने तिन्ही लिहिले. मग म्हणाला, “ज्यानं कोश केला त्याच्याकडं पाऊस पडत असंल.”

* * *

आमच्या ऑफिसात सरत्या वर्षाच्या कोऱ्या डायऱ्या उरायच्या. त्या मागून आणल्या आणि मुलांना वाटल्या. महिन्याभराने एका मुलाचे वडील वाचनालयात आले. जुन्या गावठाणातले, भारदस्त गृहस्थ. टोपी काढून समोर बसले. पोराने डायरीत लिहिलं होतं की बाबा पिऊन आले आणि आईला उंबऱ्यात ढकललं. आईला वाचता येत नव्हतं. तिने ते पोराकडूनच वाचून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीसमोर पुन्हा एकदा.

मला वाटलं, आता भांडण. पण ते खालमानेने म्हणाले, “खोटं न्हाई लिवलं त्यानं. पण तारीख कशापायी टाकली?”

* * *

आता शैलाची हकिकत. शैला दहावीत होती. तिचे वडील रामभाऊ भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसवर. ती कधीकधी त्यांचा डबा घेऊन जायची.

गाइडं कुलपात गेल्यावर ‘माझे वडील’ हाच विषय मी पुन्हा दिला. शैलाने लिहिलं:

“माझे वडील प्रेसवर आहेत. मशीनचा जाळीचा गार्ड भिंतीवर खिळ्याला टांगलेला होता. त्याच्यावर बाबांचा शर्ट होता. बाबा हात आत घालतात, पत्रा ठेवतात, हात बाहेर काढतात, पॅडल दाबतात. मी उभी होते तेवढ्यात त्यांनी असं दोनशे बारा वेळा केलं. एकदाही हात आत राहिला नाही.”

वर तारीख. इतकं चांगलं लेखन माझ्या वर्गात तोवर झालं नव्हतं. मी मोठ्या कौतुकाने तो कागद नोटीस बोर्डावर लावला.

* * *

चौथ्या दिवशी ही गोष्ट वर्कशॉपच्या मालकाच्या कानावर गेली. सरकारी इन्स्पेक्टर येईल म्हणून घाबरून त्याने सगळ्या प्रेसना गार्ड चढवले. गार्ड चढला की हात चालत नाही, नग कमी निघतात, आणि पगार नगांवर. सगळे रामभाऊंवर उखडले. “काय राव, पोरीला इन्स्पेक्टर केली का?” असं जेवणाच्या सुट्टीत रोज.

रामभाऊ वाचनालयात आले. बोर्डापुढे उभे राहून त्यांनी कागद सावकाश, बोट फिरवत वाचला. मग म्हणाले, “भाऊ, चांगलं लिहिलंय तिनं. म्हणूनच काढा.”

मी काढला. वाद घातला नाही. शैला तिथेच होती. टाचण्या तिनेच गोळा करून डबीत ठेवल्या. कागद मी घडी करून माझ्या डायरीत ठेवला. पुढच्या सोमवारी गार्ड परत खिळ्यावर.

* * *

अडीच महिन्यांनी, दुपारच्या शिफ्टला, रामभाऊंच्या उजव्या हाताची चार बोटं गेली.

चौकशीच्या कागदावर मालकाने लिहिलं की गार्ड नेहमी लावलेला असे, त्या दिवशी कामगाराने तो स्वतःहून काढला. मी शैलाचा निबंध घेऊन दवाखान्यात गेलो. त्यावर तारीख होती, दोनशे बारा वेळा होतं, खिळा होता. रामभाऊंनी तो डाव्या हाताने माझ्याकडे परत सरकवला.

“मालक गेटवर वॉचमन म्हणून ठेवतो म्हणालाय. लेकीचं नाव नको यात. राहू द्या तुमच्यापाशी.”

तो अजून माझ्यापाशीच आहे.

* * *

पंधरा दिवसांनी शैला वर्गात आली. वही उघडली नाही. माझ्यासमोर हात पुढे करून म्हणाली, “काका, कपाटाची किल्ली द्या.”

मी विचारलं, कशाला गं? तुला गाइडाची काय गरज?

“त्यात कुणाच्या वडलांना काही होत नाही.”

मी किल्ली दिली.

* * *

मार्चमध्ये मराठीचा पेपर झाला आणि शैला हॉलवरून सरळ वाचनालयात आली. मी प्रश्नपत्रिका पाहिली. निबंधाला चार विषय होते, त्यांत एक ‘माझे वडील’. कोणता घेतलास म्हणून विचारलं, तर तिने त्याच्यावरच बोट ठेवलं.

काय लिहिलंस?

तिने उभ्या उभ्या, पाठ म्हणावं तसं म्हणून दाखवलं. “माझे वडील शिक्षक आहेत. संध्याकाळी ते बागेतल्या फुलांना दोन्ही हातांनी पाणी घालतात.”

ती गेल्यावर मी कपाट उघडून गाइड काढलं आणि पान शोधलं. ‘दोन्ही हातांनी’ हे शब्द त्यात नाहीत.