शिल्लक ठेवलेली बाजू

धक्का बसणं ही एक विद्या आहे, आणि साऱ्या मराठवाड्यात ती फक्त माझ्या घरमालकांना अवगत होती. धक्के तुम्हाआम्हालाही बसतात. कुणी वारलं, कुणाची बदली झाली, बिछाना नसताना पाहुणे आले, की बसतात आणि ओसरतात. घरमालकांना धक्का बसायचा तो गंधारानं. तोच गंधार, त्याच रेकॉर्डवर, त्याच जागी. आदल्या दिवशी ऐकलेला असला तरी आज पुन्हा कोरा करकरीत. ती जागा जवळ आली की शेजारी बसलेला माणूस आपला हात हळूच मागं घ्यायचा, कारण धक्का बसला की मालक हाताशी येईल त्याचं मनगट धरायचे आणि रेकॉर्ड संपेपर्यंत सोडायचे नाहीत. रविवारच्या बैठकीला येणाऱ्या वकीलसाहेबांच्या घड्याळाची काच अशीच एका मारव्यात गेली. त्यानंतर ते बैठकीला येताना घड्याळ घरी ठेवून यायचे.

पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षं लोटली होती. निजामाच्या राज्यात मालक करोडगिरीत, म्हणजे जकातीच्या नाक्यावर, कारकून होते. राज्य गेलं, नाका गेला, आणि मालक ग्रामोफोनसमोर येऊन बसले ते कायमचे. मी कन्नडहून नोकरीसाठी शहरात आलो होतो आणि औरंगपुऱ्यात खोली शोधत होतो. मालकांनी माझं आडनाव विचारलं नाही, पगार विचारला नाही. मला सतरंजीवर बसवलं, यंत्राला चावी दिली, एक रेकॉर्ड लावली आणि ती संपल्यावर माझ्याकडं रोखून पाहत विचारलं, "कुठं धक्का बसला?" मला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण खोली हवेशीर होती. मी म्हणालो, "सगळीकडंच." मालकांनी आत तोंड करून मालकीणबाईंना सांगितलं, "ह्यांना किल्ली द्या."

दर रविवारी सकाळी त्यांच्याकडं रेकॉर्डी ऐकायची बैठक भरायची. उस्मानपुऱ्यातून वकीलसाहेब यायचे, शाळेतले एक ड्रॉइंगमास्तर यायचे, आणि किल्ली घेतल्यामुळं मला यावंच लागायचं. प्रत्येक रेकॉर्डनंतर प्रत्येकानं मत द्यायचं असा दंडक होता. "छान" म्हणायला बंदी होती. "छान भेंडी असती," मालक म्हणायचे, "गाण्यानं तुम्हाला काय केलं ते सांगा." वकीलसाहेब मुद्देसूद बोलायचे. मास्तरांची मात्र पंचाईत व्हायची. एकदा फारच कोंडीत सापडल्यावर ते घाम पुसत म्हणाले, "मला निळं वाटलं." मालक उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. आम्हाला वाटलं रागावले. पण त्यांना धक्का बसला होता. पुढचा आठवडाभर ते तीच रेकॉर्ड लावून भिंतीकडं बघत बसायचे आणि मी दिसलो की म्हणायचे, "निळंच हाय हो. मास्तर लई पुढं गेले."

रविवार ते रविवार एवढा काळ धक्का पोटात ठेवणं त्यांना जमत नसे. मग तो वाटेत भेटेल त्याला मिळायचा. भाजीबाजारात एका बाईपुढं उकिडवं बसून त्यांनी धैवत कसा हलतो ते हातानं हलवून दाखवलेलं मी पाहिलंय. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पालक घेता का नाय?" त्यांनी घेतला, आणि घरी येऊन मला सांगितलं की बाईला कान आहे. एकदा मी रजा काढून गावी गेलो होतो, घरात लग्न होतं. भर दुपारी पाहतो तर एसटीतून उतरून, धुळीनं माखलेले मालक दारात उभे. आईनं त्यांचा चेहरा पाहिला आणि ती मटकन खालीच बसली. माझा थोरला भाऊ अजून लग्नाला पोचायचा होता, त्याचंच काही बरंवाईट झालं असं तिनं धरलं. वाजंत्री थांबली. मालकांनी मला बाजूला घेतलं, दोन्ही मनगटं धरली आणि म्हणाले, "बाई समेच्या आधी श्वास घेतीच नाय. मी परत परत ऐकलं. घेतच नाय." मग तांब्याभर पाणी प्यायले आणि आलेल्या एसटीनंच परत गेले. आमचे नातेवाईक अजून "ती बाई कोण" असं विचारतात.

ती बाई म्हणजे मालकांच्या संग्रहातलं सर्वात मोठं प्रकरण. शहागंजच्या जुन्या बाजारात त्यांना एक रेकॉर्ड सापडली होती. बाईंनी आयुष्यात तेवढी एकच दिली आणि पुढं गाणंच सोडलं, असं म्हणत. एका बाजूला तोडी, दुसऱ्या बाजूला भैरवी. तोडी आम्ही इतकी ऐकली होती की मालकीणबाई चुलीपुढंही ती गुणगुणायच्या. भैरवी मात्र कुणीच ऐकली नव्हती, मालकांनीसुद्धा. "ती ठेवलीय," ते म्हणायचे. "कामून?" असं वकीलसाहेबांनी विचारलं तेव्हा मालक म्हणाले, "माणसाला एक तरी धक्का शिल्लक पाहिजे."

आम्हाला हे उत्तर अतिशय आवडलं. गावभर आम्ही ते सांगितलं. मालक ती रेकॉर्ड मलमलीच्या फडक्यात ठेवायचे, तोडी वर करूनच बाहेर काढायचे, आणि ती संपली की तशीच गुंडाळायचे. मास्तर गमतीनं म्हणायचे की मालकांच्या पश्चात घर कुणाला का मिळेना, भैरवी मला मिळावी. वकीलसाहेब हसायचे नाहीत. त्यांनी तरुणपणी जालन्याला एका लग्नात बाईंचं गाणं ऐकलं होतं आणि शेवटी बाईंनी हीच भैरवी गायली होती. त्यात एक जागा होती, ती त्यांना अर्धीमुर्धी आठवायची. हातानं दाखवायला जायचे आणि मध्येच थांबायचे.

एका उन्हाळ्यात वकीलसाहेबांना ऐकू येईनासं झालं. आधी ते कर्ण्याजवळ सरकले, मग कर्ण्याला टेकले. एका रविवारी मतं देऊन झाल्यावर ते मालकांना जुन्या नोकरीच्या नावानं हाक मारत म्हणाले, "करोडगिरी, डावा कान गेला. उजवा दिवाळी पाहील का नाय, सांगता येत नाय. ती बाजू एकदा ऐकवा." मालक फडक्याची गाठ घालत होते. त्यांनी वर न पाहता सांगितलं, "नाय."

आम्हाला वाटलं, मालक काहीतरी चेष्टा करतील, मग फडकं सोडतील. त्यांनी रेकॉर्ड कपाटात ठेवली आणि कपाट लावून घेतलं. वकीलसाहेबांनी टोपी घातली, मालकीणबाईंना नमस्कार केला आणि निघून गेले. मास्तरही पाठोपाठ गेले, जाताना मला म्हणाले की असला दगड माणूस त्यांनी पाहिला नाही. मलाही तसंच वाटलं. पुढच्या रविवारी मालकांनी चार माणसांची सतरंजी अंथरली आणि मी एकटाच जाऊन बसलो. त्यांना तोडीतही धक्का बसला नाही.

त्याच आठवड्यात कचेरीत अंगात कणकण आली म्हणून मी दुपारीच घरी परतलो. मालकांच्या खोलीतून आवाज येत होता. गाणं नव्हे, तव्यावर काहीतरी सतत भाजत असावं अशी खरखर. दार लोटलं. मलमलीचं फडकं मांडीवर पडलं होतं आणि रेकॉर्ड फिरत होती. पोलादी पिनेनं फार वाजली की रेकॉर्डचा काळा रंग उडतो, राखाडी पट्टे पडतात, हे मला तोवर कळायला लागलं होतं. आमची नेहमीची तोडी थोडी राखाडी झालेली होतीच. पण ही बाजू पार पांढुरकी पडली होती. तिच्यावर काळं असं काही उरलंच नव्हतं. मालकांनी एका हातानं स्वतःचंच दुसरं मनगट घट्ट धरलं होतं.

मी दारातच उभा. धक्का म्हणजे काय हे मला त्या दिवशी समजलं.

रेकॉर्ड संपली तेव्हा ते म्हणाले, "आणली त्याच दिवशी ऐकली. मग रोज. तुम्ही कचेरीत गेले की लावायचो." मी विचारलं, मग आम्हाला सांगितलं का नाही. "तुम्ही मतं दिली असती," मालक म्हणाले. "मास्तर निळं म्हणले असते. मला ती तशीच पाहिजे होती, कुणी काही न म्हणलेली." मग ते बराच वेळ पिनांच्या डबीची उघडझाप करत बसले. "आता वकिलाला काय ऐकवू? बाई मी संपवून टाकली."

दारामागून मालकीणबाईंनी हे ऐकलं होतं, आणि त्यांना हे सारं पहिल्यापासून ठाऊक होतं. त्या एवढंच म्हणाल्या की संपवली तर तसं जाऊन सांगा, तोंड लपवून बसू नका. रविवारी सकाळी आम्ही टांगा केला. ग्रामोफोन माझ्या मांडीवर होता, रेकॉर्ड मालकांच्या. उस्मानपुऱ्यापर्यंत त्यांनी टांगेवाल्याला एकही सूर हलवून दाखवला नाही, फडक्याची गाठ तेवढी आवळत राहिले.

वकीलसाहेबांनी दार उघडलं. मालकांनी उंबऱ्यातच फडकं सोडलं, पांढरी बाजू त्यांच्यापुढं धरली आणि मोठ्यानं, कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "ह्यात आता काही राहिलं नाय. मीच ऐकून संपवली." वकीलसाहेब त्या रेकॉर्डकडं पाहत राहिले. ते चिडतील, दार लावतील, आणि ते रास्तच होईल, असं मला वाटत होतं. त्यांनी रेकॉर्डवरून हलकेच बोट फिरवलं आणि म्हणाले, "लावा की. मला तरी कुठं काही ऐकू यायलंय?"

मी चावी दिली. मालकांनी नवी पिन लावली. दोघं शेजारी बसले, डोळे मिटून. सुरू झाली ती निव्वळ खरखर. तिच्यामागं कुठंतरी लांब, पलीकडच्या गल्लीतून यावा असा आवाजाचा एक धागा होता किंवा नव्हता. माझे कान तेव्हा तरुण होते आणि मी जिवाचा आटापिटा करून ऐकत होतो. मध्येच एका जागी खरखर क्षणभर वाढली, एवढंच मला कळलं. त्याच क्षणी वकीलसाहेबांचा उजवा हात वर गेला, जालन्याची ती जागा दाखवायला ते नेहमी उचलायचे तसा, आणि या वेळी तो मध्येच थांबला नाही. तो खाली येईपर्यंत मालकांनी त्यांचं मनगट धरलं होतं. दोघांनीही डोळे उघडले नव्हते.

"हीच ती," वकीलसाहेब म्हणाले.

"व्हय," मालक म्हणाले.

पुढं बैठक उस्मानपुऱ्यात भरू लागली. वकीलसाहेबांचा उजवा कान दिवाळीआधीच गेला, पण त्यानं काही बिघडलं नाही. ते दोघं ती पांढरी बाजू लावायचे आणि तिच्यावरून भांडायचे. वकीलसाहेब म्हणायचे बाई तिथं किंचित रेंगाळते, मालक म्हणायचे अजिबात नाय. राग विसरून परत आलेले मास्तर आणि मी चहा पीत ती खरखर ऐकायचो. आता मालक आणि वकीलसाहेब दोघंही नाहीत. घरबसल्या वाटेल ते गाणं मला ऐकायला मिळतं, स्वच्छ मिळतं, आणि ऐकून झाल्यावर माझा हात उगाच बाजूला जातो. तिथं कुणाचं मनगट नसतं.

त्या भैरवीवर मालकांनी माझं मत कधी विचारलं नाही. विचारलं असतं, तर मी पुन्हा तेच सांगितलं असतं, सगळीकडंच. या वेळी ते खरं होतं.