उष्टा श्वास

मान डोलवायची सवय मला सासरी लागली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, काही सांगत असल्या की ऐकू येवो न येवो, मान हलवत राहायची. त्याने घरात शांतता राहते. दवाखान्यात मात्र त्याच सवयीने माझा घात केला.

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटली होती, दुसरीचं काम जोरात होतं, आणि आमच्या मोठ्या डॉक्टरांची झोप गॅसने उडवली होती. भट्टीच्या गॅसला वास नाही, रंग नाही. माणूस नळाच्या तोंडाशी वाकतो आणि दमून बसावा तसा खाली बसतो, एवढंच बाकीच्यांना दिसतं. डॉक्टर कुठूनशी नवी पद्धत शिकून आले होते. अशा माणसाला पालथं घालून पाठ दाबायची जुनी रीत आता सोडा, त्याचं नाक धरा आणि आपल्या तोंडाने त्याच्या तोंडात श्वास भरा. मीटिंगमध्ये ते हिंदीत म्हणाले की नोकरी लागली म्हणजे शिक्षण संपलं असं तुम्हा सगळ्यांना वाटतं, पण गॅसला हे कुणी सांगितलेलं नाही. गॅसच्या नव्या नळाची जोडणी सुरू व्हायच्या आत प्रत्येक फर्स्ट एड पोस्टवर मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसरला हे आलं पाहिजे. दर शनिवारी वर्ग घ्यायचा. कोण घेईल?

मी सवयीने मान हलवली.

अशी मी वर्गाची प्रमुख झाले. नागपूरला नर्सिंग केलेली, भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्याची पोरगी, वॉर्डात पेशंटवर ओरडण्याचा चांगला अनुभव. समोर बसणारे ड्रेसर बहुतेक माझ्याहून मोठे. बांधकामावर पडलेली, चेंगरलेली, भाजलेली माणसं त्यांनी बांधून दवाखान्यात पोचवलेली. मी काही सांगितलं की ते आदराने ऐकत आणि करायची वेळ आली की आदराने बसून राहत.

कारण साधं होतं. परक्या माणसाच्या तोंडाला तोंड लावायचं म्हणजे उष्टं. कोण कुठला, काय खाऊन आला, कुणाला माहीत. मी म्हटलं, मधे रुमाल टाका. त्यावर अर्धा तास गेला. एक म्हणाला, पाणी गाळलं की चालते, मग श्वास गाळला तं कावून नाही चालणार. दुसरा म्हणाला, रुमाल कोणाचा पण? मी फळ्यावर छातीचं चित्र काढलं. ते भोपळ्यासारखं आलं. त्यावर मात्र सगळे मनापासून बोलले.

खरी अडचण मागच्या बाकावर होती. तिथे एक वयस्कर ड्रेसर बसत. गळ्यात तुळशीची कंठी, म्हणून सगळे त्यांना महाराज म्हणत. गुरूकडून कंठी घेतलेले. बाहेरचं अन्न नाही, बाहेरचं पाणीसुद्धा नाही. दुर्गपलीकडच्या बोरसीहून सायकलीने येत आणि आपला पाण्याचा तांब्या हँडलला बांधून आणत. पोस्टवर तो तांब्या एका खिळ्याला टांगलेला असे. हाताला इतका गुण की भाजलेला माणूस दुसऱ्या कुणाला पट्टी सोडू देत नसे. बाकीचे ड्रेसर माझं ऐकत आणि त्यांच्याकडे बघत. महाराजांनी केलं असतं तर सगळ्यांनी केलं असतं. महाराज नमस्कार करून म्हणाले, ‘‘बाई, मी मान धरीन, छाती धरीन, रातभर बसून राहीन. पन तोंडाचं नका सांगू जी.’’ आणि त्यांची नेमणूक होती नेमकी गॅसच्या नळाजवळच्या पोस्टवर, तीही एकट्याची.

डॉक्टर दर दोन दिवसांनी विचारत, झालं का शिकून? मी म्हणे, चालू आहे सर. रबराचा पुतळा मागवला होता, तो काही येईना. आणि नळाची जोडणी जवळ येऊन राहिली होती.

शेवटी मी ठरवलं की कुणीतरी एकदा डोळ्यांसमोर करून दाखवल्याशिवाय हे जमणार नाही. मी बाईमाणूस. परक्या पुरुषाला हात लावते ते नर्स म्हणून, पण तोंड? राहिला एकच पुरुष. तो भिलाई-३ च्या रेल्वे यार्डात क्लार्क होता आणि रोज संध्याकाळी सहाला माझ्याच हातची भाकर खात होता.

आमचे हे चारचौघांत माझ्या शेजारीसुद्धा उभे राहत नसत. बाजारात दहा पावलं पुढे. त्यांना मी सगळं समजावलं. त्यांनी विचारलं, तिथं बायका असतात काय? म्हटलं, नाही, सगळे पुरुष. ‘‘मंग तं अजूनच वाईट,’’ ते म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला. दोन दिवस ते पेपरातून बाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी यार्डात कुणीतरी गॅसच्या नळावर चक्कर येऊन पडलेल्याची गोष्ट सांगितली असावी, कारण घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, ‘‘शनवारी येतो. मायले सांगू नको.’’

त्या शनिवारी ते टेबलावर असे ताठ झोपले होते की एकाने खरंच गॅस लागलाय काय म्हणून विचारलं. मी मान मागे केली, नाक धरलं, तोंड लावलं आणि फुंकलं. ह्यांच्या मिशीने मला शिंक आली. पुन्हा सुरुवात. दुसऱ्यांदा छाती वर आली, सगळ्यांना स्पष्ट दिसली. कोणी हसलं नाही. उलट सगळे खाली बघत होते, जणू आमच्या घरात चुकून शिरले होते. मी म्हटलं, आता तुम्ही, जोडी जोडीने. एकेक जण काम आठवून उठला. महाराज जाताना दारात थांबले, ह्यांना हात जोडले आणि गेले. हे घरी जाताना दहाऐवजी वीस पावलं पुढे चालले.

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, नळाजवळच्या पोस्टवरून फोन आला. खलाशी पडला. अवजड लोखंड दोरांनी चढवणारे हे खलाशी केरळकडचे, उंचावर माकडासारखे चालणारे. त्यातला एक नळाच्या उघड्या जोडावर वाकला आणि वाकलेलाच राहिला. डॉक्टर साइटवर दुसरीकडे होते. मी अँब्युलन्समध्ये बसले. रस्ताभर मला एकच दिसत होतं, महाराज त्याला पालथा घालून पाठ दाबताहेत. प्रामाणिकपणे, जीव तोडून, जुन्या रीतीने.

पोस्टच्या पुढच्या दारापाशी खलाशांची गर्दी होती. दार आतून लावलेलं. हवा येऊ द्या म्हणून महाराजांनी सगळ्यांना बाहेर काढलं होतं म्हणे. मी वळसा घालून मागच्या दाराने आत गेले.

आधी मला खिळा दिसला. तांब्याच्या शेजारी कंठी टांगलेली होती.

महाराज गुडघ्यावर होते. खलाशी उताणा, मान अगदी बरोबर मागे. महाराज फुंकत होते, तोंड बाजूला करून छाती बघत होते, पुन्हा फुंकत होते. मधे रुमालसुद्धा नव्हता. त्यांचे डोळे लाल झाले होते. मी जवळ गेले तरी त्यांनी पाहिलं नाही. मी खलाशाची मान धरली आणि आम्ही दोघं तसेच राहिलो. किती वेळ, ते सांगता येत नाही. छाती वर येई, खाली जाई, आणि ती महाराजांच्या श्वासाने येतेय की त्याच्या, हेच कळत नव्हतं. मग तो घशातून घोरल्यासारखा आवाज करून खोकला. महाराज मागे सरकले. खलाशाने स्वतःहून एक श्वास घेतला, मग दुसरा.

महाराज उठले, तांब्यातलं पाणी घेऊन चूळ भरली, आणि कंठी गळ्यात घालू लागले. गाठ बसेना. तेवढ्यात मागच्या दाराने डॉक्टर आले, त्यांच्यामागून खलाशी. त्यांना दिसलं ते असं: माणूस श्वास घेतोय, सिस्टर त्याच्या उशाशी बसली आहे, आणि महाराज दूर, पाण्यापाशी, पाठमोरे.

डॉक्टर नाडी बघत म्हणाले, सिस्टर, शाबास. मी बोलायला तोंड उघडलं.

‘‘हो जी,’’ महाराज पाठमोरेच म्हणाले, ‘‘बाईनंच केलं.’’

खलाशाला अँब्युलन्समध्ये चढवल्यावर मी त्यांना गाठलं. मी रागावले होते. ते हात जोडून उभे. ‘‘पोरीचं लगन जमून राहिलं बाई. पोराकडचे समदे कंठीवाले. समजलं तं सोयरीक मोडन. मले पंगतीतून उठवतीन ते उठवतीन, पन तिचं काय?’’ मग म्हणाले, ‘‘तुमी त्या दिवशी त्यायले टेबलावर निजवलं ना, तवा मले वाटलं, हे माणूस बायकोसाठी एवढं लाजून घेते. मंग मी कावून नाही.’’

मी मान हलवली. या वेळी ऐकून, समजून हलवली.

पुढच्या शनिवारी मी पोचायच्या आधी वर्ग भरलेला. बाईमाणूस परक्या पुरुषाला श्वास देते म्हटल्यावर कुणाजवळ सबब उरली नव्हती. रुमालाची गोष्टसुद्धा कुणी काढली नाही. जोड्या लागल्या, मिश्या, विडीचा वास, सगळ्याला तोंड देत दुपारपर्यंत सगळ्यांना आलं. डॉक्टरांनी मला सगळ्या पोस्टवर फिरून शिकवायला सांगितलं. बरा झालेला खलाशी केळ्यांची फणी घेऊन आला आणि माझ्या पायाशी वाकला. मला कुठे तोंड लपवू असं झालं. अर्धी फणी मी महाराजांच्या सायकलीला अडकवली. फळाला काही होत नाही, म्हणून त्यांनी ती नेली.

आणि ही बातमी पाण्याच्या नळावरच्या बायकांतून भिलाई-३ च्या आमच्या क्वार्टरात पोचली.

आत्याबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी कान तुटलेला एक कप काढला, खिडकीत ठेवला आणि सांगितलं की यापुढे तुझा चहा यात. ताटही वेगळं. स्वयंपाकघरात पाय नाही. चार दिवस मी पाहुण्यासारखी स्वयंपाकघराबाहेर जेवले. ह्यांनी पहिल्या रात्री पेपराआडून एकच विचारलं, ‘‘मिशी होती काय त्याले?’’ मी म्हटलं, नव्हती. त्यांच्या पेपराचं पान त्या रात्री उलटलं नाही.

मी सांगू शकले असते. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. पण आत्याबाईंना सांगणं म्हणजे नळाला सांगणं, आणि नळावरून बोरसीपर्यंत बातमी जायला वेळ लागला नसता. शिवाय माझा वर्ग आता ज्याच्यावर उभा होता तेच खाली बसलं असतं. खरं काय ते रात्री कितीदा तरी ह्यांना सांगावंसं वाटलं. ह्यांचं तोंड मिटलेलं राही हे खरं, पण मायसमोर त्यांचा चेहरा सगळं बोलून जात असे.

पाचव्या दिवशी आत्याबाईंनी निकाल दिला. ‘‘नाही तं हे नोकरी सोड, नाही तं मले गाडीत बसवून द्या. मी गावाले जातो.’’ हे रेल्वेतले. गाड्यांचे टाइम तोंडपाठ. त्यांनी विचार न करता दुपारची पॅसेंजर किती वाजता लागते ते सांगून टाकलं. मग घरात जी शांतता पसरली तिला मान हलवून काही उपयोग नव्हता. रविवारपर्यंत काय ते सांगा, आत्याबाई म्हणाल्या, आणि बोचकं बांधायला घेतलं. दवाखान्यात मी डॉक्टरांना म्हटलं की पुढच्या शनिवारचं सांगता येत नाही, घरी अडचण आहे, माझा चहासुद्धा खिडकीतल्या वेगळ्या कपात. महाराज जवळच पट्ट्या गुंडाळत बसले होते.

रविवारी सकाळी दाराशी सायकल थांबली. बोरसीहून आमच्याकडे म्हणजे दुर्गच्या पलीकडून सगळी भिलाई ओलांडून यायचं. महाराज घामाने निथळत होते. हँडलला तांब्या नव्हता.

मला वाटलं, हा माणूस आता सगळं सांगणार आणि पोरीचं लग्न आमच्या ओसरीत मोडणार. मी त्यांना खुणेने नको म्हणत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. आत्याबाईंनी कंठी पाहिली आणि पदर डोक्यावर घेतला. बसा म्हणाल्या. महाराज खाली बसले.

‘‘पानी देता काय, माय?’’

आत्याबाई लगबगीने उठल्या. कंठीवाला माणूस आपल्या घरी पाणी मागतो, हे त्यांना केवढं वाटलं असेल. पितळी गडू चिंचेने घासायला घेतला.

‘‘गडू नको. थो कप हाय ना खिडकीत, त्याच्यात द्या.’’

‘‘थो तिचा हाय जी,’’ आत्याबाई म्हणाल्या. मग हळूच, ‘‘उष्टा.’’

‘‘मालूम हाय. त्याच्यातच द्या.’’

आत्याबाई बराच वेळ कप हातात धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी पाणी ओतलं. महाराजांनी कप ओठांना लावला, वरून धार न धरता, आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्याले. स्वतः विसळून ओट्यावर पालथा घातला. बाईचा हात गुणाचा आहे, एवढं म्हणून ते उठले. पोरीच्या लग्नाला सगळ्यांनी यायचं, असंही सांगून गेले.

बोचकं त्या दिवशी कुणी सोडलं नाही आणि बांधलंही नाही. मी स्वयंपाकघराबाहेरच जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा आला. माझा नेहमीच्या कपात. कान तुटलेला कप ह्यांच्या पुढ्यात. ‘‘कंठीवाल्याले चालला, तं तुले बी चालन,’’ आत्याबाई म्हणाल्या. ह्यांनी कपाकडे पाहिलं, मायकडे पाहिलं, पेपर बाजूला ठेवला आणि दोन्ही हातांनी तो गरम कप धरून चटके खात प्यायला लागले. मिशी चहात बुडाली.

‘‘शनवारी किती वाजता जा लागते तुले?’’ आत्याबाईंनी विचारलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, चुलीकडे बघत होत्या.