जाळीचं शेपूट

गणपती उठले की मुरुममध्ये आमचा हंगाम सुरू होतो, आणि तो काही चांगला हंगाम नसतो. खांद्यावर मच्छरजाळीचा रोल घेऊन मी एखाद्या गल्लीत शिरलो की दारातल्या बायका बोलायच्या थांबतात. "कुणाकडं ओ?" एवढंच विचारतात. मी घर सांगतो. मग त्या एकमेकींकडं बघतात. हौसेनं जाळी बसवणारी घरं इथं कमीच. घरात नाहीतर शेजारी कुणाला तरी ताप येतो, तपासणीत डेंगी निघतो, आणि मग लोकांना जाळीवाला आठवतो. एका म्हातारबाबांनी तर मला तोंडावर सांगितलं होतं, "तू आलास की पोटात गोळा येतोय बघ माझ्या."

माझ्याजवळ हत्यार म्हणजे काय, वीतभर लाकडी मूठ आणि तिच्या दोन टोकांना दोन लहान चाकं. ज्यांच्या दुकानात मी काम करतो ते उस्ताद तिला चकरी म्हणतात, म्हणून मीही चकरीच म्हणतो. एका चाकाची कड फुगीर, दुसऱ्याची मधून खोलगट. चौकटीला चारी बाजूंनी खाच असते. तिच्यावर जाळी अंथरायची, फुगीर चाकानं ती खाचेत दाबायची, मग वर रबराची दोरी ठेवून खोलगट चाक फिरवत न्यायचं. कर्रर्र आवाज होतो आणि रबर खाचेत बसतं. दिसायला पोरखेळ. पण जाळी जास्त ताणली की चौकट मधून आत ओढली जाते, आणि बाजूनं डास आत येण्यापुरती फट राहते. लोकांना तर जाळी हलगीसारखी वाजलेली आवडते, बोटानं टिचकी मारून बघतात. उस्ताद वैतागायचे. "ज्यादा खिंचो नक्को मियाँ, फ्रेम कमर में जाती. इनको बजाना है तो हलगी लेको आव बोलो."

उस्तादांची आणखी एक रीत होती. चारी बाजू फिरून रबर पहिल्या कोपऱ्यात परत आलं की ते बरोबर कापायचं नाही. बोटभर जास्त ठेवायचं आणि ते टोक आत दुमडून द्यायचं. त्याला ते शेपूट म्हणत. पुढं कधी जाळी फाटली, तर बदलणाऱ्याला धरायला काहीतरी पाहिजे. शेपूट नसलं तर तो स्क्रू ड्रायव्हरनं उकरतो आणि चौकट खराब करतो. "अपने बाद में आनेवाले का भी सोचना," ते म्हणायचे. मी शेपूट ठेवल्याशिवाय एकही चौकट दिलेली नाही.

मी मूळचा इथला नाही. माझं गाव पार तिकडं, गोंदियाच्या बाजूला, धानाच्या बांध्या आणि तळी असलेलं. नववीत शाळा सुटली. कारण फार मोठं नव्हतं. शाळा लांब, आणि धानाच्या रोवणीला घरात हात कमी. पुढं खिडक्या बसवणाऱ्या एका ठेकेदाराच्या टोळीबरोबर फिरत फिरत मुरुमला आलो. काम संपलं, टोळी परतली. मला त्या दिवसांत कावीळ झालेली. उस्तादांनी दुकानाच्या मागं खाट टाकून दिली, त्यांच्या घरून जेवण यायचं. बरा झाल्यावर त्यांनी काही न बोलता चकरी हातात दिली. असा मी इथं राहिलो.

पहिल्यांदा मला हसूच यायचं. आमच्याकडं दाराबाहेर तळं, मच्छर असणारच. इथं नजर जाईल तिथं कोरडं. पाणीच नाही तर मच्छर येतील कुठून? नंतर कळलं. नळ रोज येत नाही, म्हणून पाणी साठवतात. हौद, टाक्या, निळे ड्रम, रांजण, जे मिळेल ते. त्या साठवलेल्या पाण्यातच ते वाढतात. आरोग्य खात्याच्या ताई यायच्या, बॅटरी मारून ड्रममधल्या वळवळणाऱ्या अळ्या दाखवायच्या आणि पाणी ओतून द्या म्हणायच्या. बायका ड्रमला मिठी मारल्यासारख्या उभ्या राहायच्या. "वतू नका ओ ताई. नळ कवा यील, ठाव न्हाय." दोघींचंही खरंच होतं.

माझी बायको आमच्या गावाकडचीच. बाळंतपणाला माहेरी जायची होती, पण तिची आई नाही, आणि एवढा प्रवास डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या. आम्ही भाड्यानं राहतो त्या घराच्या मालकीणबाई, त्यांना सगळी गल्ली आक्का म्हणते. एकट्या राहतात, मुलगा पुण्याला. त्यांनी एका वाक्यात निकाल लावला. "माहेर हितंच हाय म्हणायचं पोरी. रडायचं न्हाय." माझ्या बायकोचं बोलणं ऐकून त्या पोट धरून हसायच्या. ती "काहून?" म्हणाली की ह्या "काहून न्हाय, का गं म्हण!" म्हणून तिला शिकवायच्या, आणि पुन्हा स्वतःच दिवसभर काहून काहून करत फिरायच्या. डिंकाचे लाडू, शेक, धुरी, सगळं त्यांच्या हातचं. मी त्यांचे उपकार कशात मोजू, मला कळत नाही. म्हणूनच पुढं जे झालं त्यात माझी जीभ उचलली नाही.

त्या वर्षी ताप लवकर आला. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका घरानं तीन खिडक्यांची मापं दिली होती. त्यांची शाळेतली मुलगी तापानं पडलेली, सोलापूरला हलवली होती. ती घरी यायच्या आत जाळ्या लागल्या पाहिजेत, म्हणून बापानं घाई केली. आम्ही चौकटी घेऊन गेलो तेव्हा दारात चपलाच चपला होत्या. बाप बाहेर आला, चौकटींकडं बघत राहिला आणि म्हणाला, "राहू द्या आता." उस्तादांनी माझ्या दंडाला धरून मला मागं ओढलं. आम्ही चौकटी परत आणल्या. त्या दुकानात भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. कुणी त्यांना हात लावेना. मी ये-जा करताना त्यांच्याकडं पाठ करायचो.

त्याच आठवड्यात उमरग्याला माझी मुलगी झाली.

दवाखान्यातून घरी आणायच्या आधी मी आमच्या खोलीची खिडकी केली. एकच खिडकी, बुटकी, आक्कांच्या हौदाकडं उघडणारी. हौदाला मी पत्र्याचं झाकण केलं, तरी भीती जाईना. जाळी बसवताना एक कोपरा दोनदा उकलून पुन्हा दाबला. शंभर खिडक्या केल्या असतील, पण असं कधी झालं नव्हतं. पूर्ण झाल्यावर अंगठा चारी कडांवरून फिरवला, शेपूट खालच्या कोपऱ्यात आत दुमडलं. दाराला पडदा लावला. आक्का उंबऱ्यातून बघत होत्या.

"झाली का रं तुझी तिजोरी?"

"झाली आक्का. तुमच्या खोलीलाही करू का?"

"नगं बाबा. मला कोंडल्यावानी हुतंय."

घरी आल्यावर पाचवी आली. त्या रात्री सटवाई येते आणि लेकराच्या कपाळावर नशीब लिहून जाते, हे आमच्याकडंही मानतात, रीत थोडी वेगळी. आक्कांनी पाटा-वरवंटा धुऊन मांडला, हळदीकुंकू वाहिलं, कणकेचा दिवा लावला, कोरा कागद आणि पेन ठेवलं. तिन्हीसांजेलाच मला बाहेर काढलं. "बापय माणसाचं काम न्हाय हितं. तू वसरीवर पड." मी ओसरीवर पडलो. आतून त्यांचं हळू बोलणं ऐकत ऐकत झोप लागली.

फटफटायला लागलं तसा मी बादली घ्यायला आत गेलो. बायको आणि बाळ झोपलेली. आक्का खिडकीखाली भिंतीला टेकून बसल्या होत्या, मान कलती, हातात विणलेला पंखा. आणि खिडकीचा खालचा कोपरा उघडा होता. जाळी तळहाताएवढी आत वळलेली, रबर बाहेर लोंबत होतं.

मला वाटलं, मांजर. जवळ गेलो. लोंबणाऱ्या रबराला हळदीची बोटं लागलेली होती. चौकटीच्या कोपऱ्यावर हळदीकुंकवाचं बोट होतं, उंबऱ्याला लावतात तसं.

पलीकडं हौद. मागच्या गल्लीतलं ते चपलांनी भरलेलं दार डोळ्यांसमोर आलं. मी पिशवीतून चकरी काढली, गुडघ्यावर बसलो, जाळी सरळ करून रबर दाबायला लागलो. कर्रर्र आवाजानं आक्का जाग्या झाल्या.

"काय करलालास रं?"

"सुटलं होतं, आक्का."

"सुटलं न्हाय. म्या सोडलं."

मी मान वर करून बघितलं.

"ती कुटनं यील? तूच म्हणतूस, माझ्या जाळीतनं चिलट शिरत न्हाय. मंग देवी कशी शिरंल? दाराला पडदा, खिडकीला जाळी. लेकराचं कपाळ कोरं ऱ्हायलं आसतं, मंग?"

तोंडात शब्द आले होते. त्या मुलीचं नाव आलं होतं. पण ज्या बाईनं माझ्या बायकोला माहेर दिलं, तिला मी काय बोलणार? आणि खरं सांगतो, त्या अर्धवट उजेडात मलाही वाटून गेलं, अजून लिहायचं राहिलं असेल तर? चकरी हातात तशीच राहिली.

खाटेवरून बायकोचा आवाज आला. तिला केव्हा जाग आली होती कोण जाणे.

"आक्का, लिवून झालं का जी तिचं?"

"झालं आसंल की. पाट झाली."

"मग लावू द्या त्याइले. लिवलेलं खोडाले देवी वापस नाही आली पायजे."

आक्का तिच्याकडं बघत राहिल्या. मग तोंडाला पदर लावून हसल्या. "बघा की! काहून-काहून करत करत मलाच शिकवाया लागली." आणि मला म्हणाल्या, "दाब रं. चांगलं दाब."

मी दाबलं. पण रात्रभर ती जागा उघडी होती, हे काही दाबून जाईना.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, लगेच काही कळत नाही, आठवडाभर लक्ष ठेवा, ताप आला तर थांबू नका. मी कामावर जायचो आणि निम्म्यातून परत यायचो. बाळाच्या कपाळावर हात ठेवायचा, मग बायकोच्या, मग पुन्हा बाळाच्या. हात उन्हातून आलेला, त्यामुळं काहीच कळायचं नाही, म्हणून मग गाल लावून बघायचा. बाळ शिंकलं तरी मी उठून बसायचो. उस्ताद कामावर चिडायचे सोडून मला घरी धाडायचे. दुकानात त्या तीन चौकटी तशाच उभ्या होत्या.

ताप आला. आक्कांना आला.

त्यांनी दोन दिवस लपवला. "अंग जड झालंय, बाकी काय न्हाय." तिसऱ्या दिवशी चूल पेटवताना त्या बसल्या जागी कलंडल्या. मी त्यांना उमरग्याला नेलं. रक्तात डेंगीच निघाला. पेशी उतरत होत्या, रोज सकाळी आकडा खाली. मी त्यांच्या मुलाला कळवलं. तो यायच्या आधी एक दुपारभर मी त्यांच्याजवळ एकटा होतो. सलाईनचा हात गादीवर सरळ ठेवलेला, आणि त्या छताकडं बघत होत्या.

"आक्का," मी विचारलं, "त्या रात्री तुम्ही खिडकीपाशीच बसला होता?"

"मंग? उघडं टाकून झोपाया मी काय येडी हाय व्हय?" आवाज बारीक, पण झणका तोच. "वाट तिची, राखण माझी. एका अंगाला सरून बसले हुते. दिवा लावल्यापस्नं पंखा हालवत. जे चिलट आलं ते आदी माझ्याकडनंच आलं. लेकरापतुर एक जाऊ दिलं न्हाय."

हे त्यांनी सहज सांगितलं. या सगळ्याचा या सलाईनशी काही संबंध आहे, असं त्यांच्या मनातही नव्हतं, किंवा असेल तर मला दाखवलं नाही. डॉक्टर म्हणाले तो डास दिवसा चावणारा, सांजसकाळचा, कुठंही चावला असेल, हौदावर, बाजारात. असेलही. मी खिडकीपाशी गेलो आणि बाहेर बघत उभा राहिलो, कारण त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं.

आक्का परत आल्या. निम्म्या होऊन आल्या. सांधे अजून धरतात, भाकरी थापताना मधेच थांबतात. आल्यावर काही दिवसांनी त्या दुकानात आल्या, भिंतीच्या त्या तीन चौकटींकडं बोट केलं आणि विचारलं, "ह्या कुणाच्या?" उस्तादांनी खाली बघितलं. मी सांगितलं. त्यांनी एका चौकटीच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "माप बघ माज्या खिडकीचं. बसंल तर ह्यातलीच बसव. लेकरासाठी केलती, पडून कशाला ऱ्हायाची?"

एक बसली, थोडी कापून. मी चकरी फिरवत होतो, माझी मुलगी आक्कांच्या मांडीवर.

"शेपूट ठेवलास न्हवं?"

मी दचकलो. हा शब्द त्यांना कधी सांगितला होता आठवेना. "ठेवतो आक्का."

"वरल्या कोपऱ्याला ठेव. खाली ठेवलास तर उद्या ही वडंल." त्यांनी मुलीचा हात धरून हलवला. "आणि मला न्यायला येणारा काय बुटका न्हाय. त्याचा हात पोचतूय वर."

उस्तादांना सांगितलं तर ते हसले नाहीत. मीही हसलो नव्हतो. पण शेपूट वरच्या कोपऱ्यात ठेवलं.

मुलगी आता चालते, हाताला लागेल ते ओढते. यंदाही गणपती उठले. काल पलीकडच्या गल्लीतून दोन खिडक्यांची मापं आली आहेत. रोज तिन्हीसांजेला मी आमच्या खिडकीच्या कडांवरून अंगठा फिरवतो, मग आक्कांच्या खोलीत जातो, त्या जप करत बसलेल्या असतात. स्टुलावर चढून वरचा कोपरा चाचपतो. त्या डोळे न उघडता विचारतात, "हाय का?"

"आहे, आक्का. दुमडलेलं आहे."