मिठाच्या उजेडातली मिरची

स्पिरिटचा वास आला की कॉलेजची ती प्रयोगशाळा आठवते. मी धंद्यात नवा होतो; स्वतःच्या हिमतीवर घेतलेलं मिरचीचं पहिलं पोतं तिथल्या विज्ञानाच्या सरांना वर्षाच्या चटणीसाठी विकत होतो. "रंग बघा की सर, रक्तागत हाय!" सरांनी खिडक्या लावून अंधार केला आणि स्पिरिटच्या दिव्यात मीठ टाकून तो पेटवला. "पावणं, मिठातल्या सोडियमचे इलेक्ट्रॉन अणुकेंद्राभोवती ठरलेल्या पायऱ्यांवरच असतात. धगीनं वर चढतात आणि उतरताना हा पिवळाच उजेड देतात. ह्या उजेडात लाल नाहीच, मग मिरची परत काय पाठवणार? आता दाखवा की लाल." मिरची कोळशासारखी काळी झाली होती आणि तिच्यावरचा माझा हात प्रेताचा दिसत होता. "खिडकी उघडा, तुमच्याच भावानं घ्या!" मी ओरडलो. सरांची ती फसवणूकच होती, असं मी आजही म्हणतो. पण गिऱ्हाईकानं रंग विचारला की उजेड खरा आहे का, हे पाहायला आधी माझाच हात बघतो.