कौशल्याचा काळा झगा

माझं दुकान अकोल्याच्या जुन्या शहरात आहे. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, तेरवीचे कार्ड, जे येईल ते टाइप करून छापून देते. लोक चुकीचा मजकूर आणतात आणि वर शुद्धलेखनही मलाच शिकवतात. त्यामुळे माझा स्वभाव तिखट झाला आहे, असं माझा नवरा म्हणतो. म्हणू दे.

मागच्या उन्हाळ्यात पुण्याहून शेखर नावाच्या माणसाचा फोन आला. त्याच्या वडिलांची, खुशालरावांची, पंचाहत्तरी होती आणि त्यांच्या आठवणींचं पुस्तक करून त्यांना न सांगता द्यायचं होतं. "मजकूर तयारच आहे मॅडम," तो म्हणाला. त्याची वऱ्हाडी पुण्यात पार धुऊन निघाली होती. "बाबा व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवतात. तुम्ही फक्त ऐकून टाइप करायचं." मग त्याने घरच्या ग्रुपवरचं सगळंच्या सगळं मला पाठवलं, बाबांचे आवाज आणि त्याखाली आलेली उत्तरंसुद्धा. ग्रुपमध्ये शेखर, हैदराबादची त्याची बहीण वर्षाली आणि शेखरची मुलगी आकांक्षा. 'आजोबा, रोज एक आठवण बोला, आम्हाला जपून ठेवायच्या आहेत,' असं आकांक्षाने अगदी सुरुवातीला लिहिलं होतं.

खुशालराव अचलपूरकडचे शेतकरी. लेकरांच्या शाळेसाठी त्यांनी अकोल्यात घर बांधलं, शेत ठेक्याने दिलं. लेकरं शिकून निघून गेली. बायको कौशल्या कधीचीच वारलेली. आता त्या घरात ते एकटे होते. हे सगळं मला त्यांच्या आवाजातूनच कळलं.

आधी घसा साफ करायचे. मग म्हणायचे, "हं, बोलून राहिलो बरं का." आणि असं काही सांगायचे की माझी बोटं थांबायची. परतवाड्याच्या बाजारात विकलेला बैल आपला आपण चालत घरी आला, आणि मग तो पुन्हा विकायला कौशल्याबाईंनी कसा नकार दिला, ते त्यांनी सांगितलं. शेवटी विचारलं, "वर्षाली, तुले तो बैल आठवते का वं? तू त्याच्या शिंगाले रिबिनी बांधे."

खाली शेखरचा अंगठा. वर्षालीचे जोडलेले हात. आकांक्षाचा लाल बदाम.

अहो, बाप विचारतोय बैल आठवतो का, त्याला जोडलेले हात हे काय उत्तर झालं? पण प्रत्येक आठवणीखाली तेच. ते विचारायचे आणि खाली ही तीन चित्रं यायची. मी टाइप करत होते आणि माझं डोकं तापत होतं.

एके दिवशी त्यांनी घसा साफ केलाच नाही. "आता खरं सांगून टाकतो," ते म्हणाले. "माही दुसरी बायको होती परतवाड्याले. दोन लेकरं हायेत तिले. अजूनही तिकडंच ऱ्हायतात."

अंगठा. जोडलेले हात. लाल बदाम.

मी ताबडतोब शेखरला फोन लावला आणि जे ऐकलं ते सांगितलं. तो म्हणाला, "काढून टाका ते. बाबा काहीतरीच बोलतात." आणि आवाज उतरवून म्हणाला, "खरं सांगू का, इथे वेळच मिळत नाही हो. मी ऐकणार आहे सगळं, जरा निवांत झालो की."

"कधी?" मी विचारलं. विचारायचा मला काही अधिकार नव्हता. त्याने चिडायला हवं होतं, पण तो "बघू" म्हणाला आणि फोन ठेवला. मला त्या माणसाची कीव आली आणि रागही आला.

दुसऱ्या बायकोच्या त्या आठवणीनंतर खुशालरावांनी कोणाला काही विचारणं सोडून दिलं. आवाज मऊ झाला, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसा. त्यातच एक आठवण होती.

"शेखरच्या डिगरीच्या दिवशी आमी दोघं एस्टीनं अमरावतीले गेलो. कौशल्यानं मोरपंखी पातळ नेसलं होतं. कार्यक्रम झाल्यावर शेखरनं आंगातला काळा झगा काढला अन् मायच्या खांद्यावर टाकला. म्हने, आई, हे तुयं हाय. ती अशी लाजली! मंग झगा काही काढेच ना. बाहेर चिवडा खाल्ला आमी, तवाही आंगात तसाच. लोकं पाहून राहिले होते. पाहू दे म्हने."

मी दुकानात बसून रडले. साखरपुड्याची पत्रिका घ्यायला आलेला माणूस दारातूनच परत फिरला.

परतवाड्याची बायको मी काढली, बाकी सगळं ठेवलं. छापण्याआधी तपासायला म्हणून पूर्ण पुस्तक शेखरला पाठवलं. त्याचं उत्तर आलं, अंगठा.

कार्यक्रम अकोल्यातच एका मंगल कार्यालयात होता. पुस्तकांचे गठ्ठे पोचवायला मी गेले आणि जेवूनच जा म्हणाले म्हणून थांबले. खुशालराव आवाजावरून मला धिप्पाड वाटले होते, प्रत्यक्षात बारीक होते. लोक त्यांच्यासोबत फोटो काढत होते आणि ते मात्र पुस्तकाची पानं भराभर उलटत काहीतरी शोधत होते. शेवटपर्यंत गेले, पुन्हा मागे आले, आणि एकदम त्यांचा चेहरा खुलला.

"शेखर! परतवाड्याचं काढलं तुनं?"

"मग काय बाबा. असं काहीही बोलतात का?"

"म्हंजे तू ऐकलं!" त्यांनी लेकाचं मनगट धरलं. "मले वाटलं कोणी ऐकूनच नाई राहिलं. म्हून तं ते खोटं बोललो मी. म्हटलं, आता तरी कोणी फोन करन."

शेखरने माझ्याकडे पाहिलं. मी गठ्ठ्याची सुतळी सोडत होते, सोडतच राहिले.

"ऐकलं ना बाबा," तो म्हणाला. "सगळं ऐकलं."

"तुह्या डिगरीच्या दिवसाचंही?"

"तेही. एकदम मस्त सांगितलंय."

खुशालरावांनी मनगट सोडलं. चेहऱ्यावरचं सगळं तेज उतरलं. लेक तर हो म्हणाला होता, मग ह्यांना काय झालं, ते मला समजेना.

तेवढ्यात कोणीतरी त्यांना स्टेजवर नेऊन हातात माइक दिला. दोन शब्द बोला म्हणाले. त्यांनी चष्मा लावला, पुस्तक उघडलं आणि तेच पान वाचायला घेतलं. हळूहळू, एकेक वाक्य. एस्टी, मोरपंखी पातळ, खांद्यावर टाकलेला झगा. चिवड्यापर्यंत आले तेव्हा बायका पदराने डोळे पुसत होत्या. संपल्यावर टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. मीही वाजवल्या.

माझ्या बाजूला वर्षाली उभी होती. तिचे हात खालीच होते.

"आई नव्हतीच तेव्हा," ती मला म्हणाली. मी ओळखीची की अनोळखी, हेही तिने पाहिलं नाही. "दादाच्या शेवटच्या परीक्षेच्या आधीच गेली ती."

शेखर स्टेजवर चढला होता. त्याचा रंग उडाला होता. "बाबा, आई तर..." एवढंच तो बोलू शकला.

"माहीत हाय मले." माइक अजून हातातच होता, त्यामुळे सगळ्या कार्यालयाला ऐकू गेलं. त्यांचा आवाज मात्र रागाचा नव्हता. "मी तुयीच वाट पाहून राहिलो होतो. म्हटलं हे ऐकून तरी शेखर फोन करन, म्हनन, बाबा, तसं नोतं झालं, आई नोती तवा. लय वाट पाह्यली रे. मंग रोज तेच आठवत बसलो, अन् आता ती मले खरीच दिसते, झगा घालून चिवडा खातानी. ती तिथं नोती, हे मले सांगाले घरात कोणी उरलंच नाई."